वार सांगा, रंग सांगते

यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे नवरात्र लांबलं. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी. म्हणजे कपड्यांचा पहिला रंग केशरी. मग सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी रॉयल ब्लू, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. माझ्या धाकट्या बहिणीला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या तिच्या दुकानाची वर्षाची बरीचशी कमाई या नऊ दिवसांवर अवलंबून असते. दुकान म्हणजे इमारतीखालचा एक गाळा. दोन शिलाई मशिनं, एक इंटरलॉक, एक मास्तर आणि भिंतभर हँगर. माझी मुलगी खारघरच्या निफ्टमध्ये, म्हणजे फॅशनच्या कॉलेजात शिकते. तिला वारांचे हे रंग मान्य नाहीत. जूनच्या अखेरीस, मुंबईच्या मंगळदास मार्केटला माल बघायला जायच्या आदल्या दिवशी, मावशी-भाची समोरासमोर बसल्या. मी काही तिथे पंच म्हणून गेले नव्हते, ब्लाउजना हुक लावत बसले होते. पण दोघीही बोलता बोलता माझ्याकडेच बघत होत्या.

"मावशी, नऊ रंगांना कलेक्शन म्हणत नाहीत, ती रंगपेटी झाली. पाच रंग पुरे."

"कलेक्शन तुमच्या कॉलेजात. माझ्याकडे माल असतो. आणि बाई दुकानात येते तेव्हा 'तुमचं कलेक्शन दाखवा' म्हणत नाही, 'बुधवारचं काय आहे?' म्हणते."

मुलीने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे मांडले. एक कुर्ता, पाच साइझ, नऊ रंग: पंचेचाळीस नग. प्रत्येकी दोन ठेवले तर नव्वद. तीन डिझाइनं म्हटली की दोनशे सत्तर. "एवढं लटकवल्यावर गिऱ्हाइकाने उभं कुठे राहायचं?"

"सगळ्या साइझ सारख्या कोण भरतं? एक्सएल आणि डबल एक्सएल जास्त, एस नावाला. हे तुम्हाला शिकवत नाहीत वाटतं."

"बरं. नऊ दिवस झाल्यावर उरतं काय, ते सांग."

बहीण जरा थांबली. "राखाडी," ती म्हणाली. "आणि जांभळा. ज्या वर्षी यादीत येत नाही त्या वर्षी सगळाच्या सगळा."

यातली मेख बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. सात रंग वारावर ठरतात, ते वर्षभर आधी सांगता येतात. शेवटच्या दोन दिवसांना वाराचा रंग पुन्हा येत नाही, तिथे गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी यांतले दोन येतात. २०२३ला घट रविवारी बसले, तेव्हा जांभळा आणि मोरपंखी आले. २०२४ला गुरुवारी बसले, तेव्हा गुलाबी आणि जांभळा. २०२५ला सोमवार होता, तेव्हा मोरपंखी आणि गुलाबी. दुकानदाराने जूनमध्ये तिन्ही भरले तर एक नक्की अंगावर येतो. दोनच भरले तर जुगार. एका वर्षी बहिणीने जांभळ्यावर पैसे लावले आणि दिवाळीनंतर त्याच कापडाची अस्तरं शिवली, हे तिने स्वतःच हसत सांगितलं.

मुलीला हाच धागा हवा होता. "म्हणजे तुझे रंग तू निवडतच नाहीस. दुसरं कुणीतरी निवडतं, आणि उरलेला माल तुझ्या माथी."

"आणि तुमचे रंग कोण निवडतं? ती पँटोन का कोण, तीच ना?"

हा टोला बरोबर बसला. पँटोन ही अमेरिकन कंपनी २००० सालापासून 'वर्षाचा रंग' जाहीर करते आणि जगभरचे कपडेवाले, पडदेवाले, मोबाइलची कव्हरं करणारे त्याच्यामागे धावतात. २०२५चा रंग 'मोका मूस', म्हणजे दूध घातलेल्या कॉफीचा तपकिरी. २०२६चा 'क्लाउड डान्सर', म्हणजे जवळजवळ पांढरा.

"पांढरा?" बहीण म्हणाली. "एवढी मोठी कंपनी, एवढे तज्ज्ञ, आणि वर्षभर डोकं लावून पांढरा काढला? तो तर आमच्याकडे दर नवरात्रात सोमवारी असतो."

"मी पँटोनचं म्हणत नाहीच आहे. निफ्टनेसुद्धा २०२४ला 'व्हिजननेक्स्ट' काढलं, आपल्याकडचे लोक काय घालतात ते बघून पुढचा अंदाज सांगायला. मुद्दा एवढाच की अंदाज हा अंदाज असतो. घालायचं तर घाल, नाहीतर सोड. तुझ्या यादीत सक्ती आहे. ऑफिसात सगळ्या राखाडीत आणि एकीकडे राखाडी नाही, तर ती फोटोत कडेला उभी राहते. मागच्या वर्षी तूच सांगितलंस, एका बाईने दुसरीकडून एका दिवसापुरता कुर्ता मागून नेला."

बहिणीने नाकारलं नाही. मी मनात म्हटलं, हे खरं आहे, आणि याबद्दल फार कुणी लिहीत नाही. हौसेचा सण हळूहळू हजेरीचा होतो. घरकाम करणारी बाईही आता विचारते, "ताई, उद्या कुठला?"

या रंगांना शास्त्राचा आधार नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. देवीला राखाडी कुठल्या पोथीत सांगितलाय? या शतकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'ने नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली, वाचक बायकांनी त्या त्या रंगात गटागटाने काढलेले फोटो पाठवले, ते छापून आले, आणि बघता बघता बँका, शाळा, महापालिका, लोकलचे लेडीज डबे रंगून गेले. आज नवरात्रात सकाळी खांदेश्वर स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं तर कॅलेंडर बघावं लागत नाही.

मुलगी म्हणाली, "म्हणजे पेपरने विकलेली परंपरा."

इथे मात्र मी तोंड उघडलं. छापील कागदाने देवीचे रंग ठरवणं आपल्याकडे नवं नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरच्या देवघरात गेल्या. लक्ष्मी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जो शालू येतो आणि सरस्वती म्हटली की जी शुभ्र साडी येते, त्यात त्या छापखान्याचा मोठा वाटा आहे. तिथे तक्रार करत नाही, मग इथेच का करायची?

"तक्रार नाही आई. मला फक्त हे विचारायचंय की मावशीने स्वतःचं काय करायचं."

यावर बहिणीने जे सांगितलं, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"एक बाई येते माझ्याकडे. मिस्टर गेल्याला बरीच वर्षं झाली. आमच्याकडे शिवायला टाकायची ते फिकट, बदामी, राखी, फार तर आकाशी. मी कधी विचारलं नाही. मग ऑफिसात सगळ्यांनी नवरात्रात रंग घालायचं ठरवलं, तर आली आणि म्हणाली, शुक्रवारचा हिरवा आहे, हिरवा दाखवा. तिने हिरवा घेतला, लाल घेतला, आणि ट्रायल रूममधून बाहेर येऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला कुणी विचारलं असतं ना, की हे काय घातलंस, तर तिच्याकडे उत्तर होतं. पेपरात आलंय. आज सगळ्याच हिरव्यात आहेत. आता बोल. तुझ्या पाच रंगांनी हे झालं असतं?"

गाळ्यात मशिनचाच आवाज होता. आमच्या आधीच्या पिढ्यांत बायकांच्या अंगावरचा रंग म्हणजे त्यांचं ओळखपत्र होतं. नव्या नवरीला पिवळी अष्टपुत्री, हातात हिरवा चुडा, डोहाळजेवणाला हिरवी साडी, संक्रांतीला काळी चंद्रकळा. आणि काही घरांत नवरा गेला की केशवपन करून लाल आलवण, तेही जाडंभरडं. लग्नातला लाल आणि आलवणाचा लाल यांत काय अंतर होतं, ते त्या बायकांनाच ठाऊक. एकूण हिशेब असा की कुठला रंग कुणी घालायचा हे घरातले ठरवत. वर्तमानपत्राच्या यादीने नकळत का होईना, तो अधिकार नऊ दिवसांपुरता घरातल्यांकडून काढून घेतला. यादी सगळ्यांना एकच रंग सांगते. लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, असा भेद तिला करताच येत नाही.

मुलगी गप्प झाली, पण हरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग त्या बाईंनी दहाव्या दिवशी काय घातलं?"

बहिणीला उत्तर देता आलं नाही.

"माझं म्हणणं तेवढंच आहे. त्यांना शोभेल असा हिरवा नऊ दिवसांनंतरही घालता यायला हवा. तू जो पोपटी ठेवतेस तो नवरात्र संपलं की कपाटात जातो. यादी 'हिरवा' एवढंच म्हणते. कुठला हिरवा ते नाही सांगत. ते तर आपल्या हातात आहे ना?"

इथून बोलण्याला खरी चव आली. कारण रंग निवडायचा म्हणजे नाव निवडायचं नाही, छटा निवडायची. पिवळा म्हणजे लिंबू, हळद, केतकी की मोहरी? हिरवा म्हणजे पोपटी, शेवाळी की चुड्याचा? मुलीने शेडकार्डाचे तुकडे सुटे केले आणि काउंटरवर मांडले. बहिणीने निवडलेले सगळे रंग झगझगीत होते, प्रत्येक जण दुसऱ्याच्या वरताण. मुलीने मोबाइलवर त्यांचा फोटो काढला आणि तो काळा-पांढरा करून दाखवला. लिंबू पिवळा आणि पांढरा यांत फरकच दिसेना. लाल आणि रॉयल ब्लूचे तुकडे एकाच करड्या रंगात विरघळले होते.

"हे बघ. एखादीने लाल कुर्त्यावर रॉयल ब्लू ओढणी घेतली तर डोळ्याला त्रास होतो तो म्हणून. रंग वेगळे आहेत, पण गडदपणा एकच. एक गर्द, एक मधला, एक फिका, असं असलं की कुठलाही तुकडा कुठल्याहीवर जातो. आणि हळद घे, लिंबू नको. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ रंगावर हळद खुलते, लिंबू चेहरा ओढून घेतो."

"लिंबू मॉलमधल्या पुतळ्यावर छान दिसतो," बहीण म्हणाली. माझ्या मते ही तिची पहिली माघार.

काळ्यावरून मात्र जुंपली. मुलीला गर्द रंग म्हणून काळा हवा होता. चांगू काना ठाकूर कॉलेजच्या गेटवर कुठल्याही दिवशी बघ, अर्ध्या मुली काळ्यात असतात, हा तिचा पुरावा. बहिणीचं म्हणणं, त्या मुली माझ्याकडून घेत नाहीत, ऑनलाइन मागवतात. माझ्याकडे त्यांच्या आया येतात, आणि आई पाडव्याला काळा घेत नाही. संक्रांतीला घेईल, हौसेने घेईल, पण ती जानेवारीत. दोघींनी काळ्याचा पिच्छा सोडला तो आमसुलावर येऊन. रायगड जिल्ह्यात आमसुली रंगाला नाव ठेवणारी बाई सापडायची नाही. तो काळ्याइतका गर्द, पण अशुभ नाही. पिवळ्यावर चालतो, हिरव्यावर चालतो, मोतियावर तर फारच. भर म्हणजे घामाचे डाग दाखवत नाही, आणि यंदा नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यात, म्हणजे पनवेलच्या उकाड्यात आहे.

मग मास्तरांनी मशिन थांबवून स्वतःचं दुखणं सांगितलं, ज्याचा विचार दोघींपैकी कुणीच केला नव्हता. रंग वाढला की फक्त कापड वाढत नाही. प्रत्येक रंगाचं रीळ, अस्तर, पायपिंग, लेस वेगळी. इंटरलॉकला तीन कोन लागतात, तेही त्याच रंगाचे हवेत, नाहीतर आतून पांढरा धागा दिसतो आणि बाई कुर्ता उलटा करून दाखवते. नऊ रंग म्हणजे नऊ वेळा धागा बदलणं. मास्तर पाच रंगांच्या बाजूने होते, पण मालकीणबाईंसमोर तसं म्हणाले नाहीत. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पायडल दाबलं.

मॅचिंगच्या बाबतीत बहीण उजवी ठरली. मुलीने कॉटनच्या कुर्त्याला पॉलिएस्टर जॉर्जेटची त्याच रंगाची ओढणी लावून ठेवली होती. ट्यूबलाइटखाली दोन्ही मोरपंखी. बहिणीने काही न बोलता दोन्ही उचललं आणि शटरबाहेर नेलं. पावसाळी उजेडात कुर्ता हिरव्याकडे झुकला, ओढणी निळ्याकडे. कॉटन आणि पॉलिएस्टर यांना लागणारे रंगच वेगळे असतात. एका उजेडात जुळलेले दुसऱ्या उजेडात फुटतात. हे मुलीला पुस्तकात शिकवलेलं होतं. बहिणीला ते गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या कपड्यांनी शिकवलं होतं. "तंतोतंत मॅचिंगच्या मागे लागायचंच नाही," ती म्हणाली. "जुळवायला गेलीस की फसतं. सरळ वेगळा रंग घे."

पुढचा अर्धा तास लाल रंग सुटतो त्यावर गेला. बहीण पहिल्या धुण्याला मीठ घालायला सांगते. मुलीचं म्हणणं, रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण रंगून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही. पहिल्या एक-दोन धुण्यांत जास्तीचा निघून जाऊ द्यायचा आणि तो कपडा वेगळा धुवायचा. यावर त्यांचं अजून एकमत नाही. मी दोन्ही करते.

शेवटी निवड झाली ती एका साध्या प्रश्नावर. तो बहिणीने विचारला, आणि तिथे मुलीचं डिझाइन आणि तिचा धंदा एकत्र आले: नवरात्र सोडून या रंगाला वर्षात दुसरा दिवस आहे का? हळदी पिवळ्याला आहे. तुळशीचं लग्न झालं की आजूबाजूच्या आगरी गावांत हळदी सुरू होतात आणि एकेका हळदीला सगळं घर पिवळं लागतं. हिरव्याला आहे. डोहाळजेवणं बारा महिने, शिवाय श्रावणात मंगळागौर. पांढऱ्याला आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि उन्हाळा. लालही चालतो, पण लाल प्रत्येकीच्या कपाटात आधीच आहे. केशरीला नाही, राखाडीला नाही, रॉयल ब्लूला थोडाफार. गुलाबी, जांभळा, मोरपंखी बेभरवशाचे. ज्याला दुसरा दिवस आहे त्याचा कुर्ता. ज्याला नाही त्याची ओढणी. ओढणीला साइझ नसते, आणि उरली तरी मीटरभर जागेत मावते.

मुलीने त्यात आपली एक गोष्ट घुसवली. गुळेदगुडचा आमसुली खण घ्यायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या आणि सगळ्या ओढण्यांच्या दोन्ही टोकांना लावायच्या. म्हणजे राखाडी ओढणी आमसुली कुर्त्यावर घेतली तरी दोन्ही एकाच घरचे वाटतात, आणि यादी संपल्यावरही ती ओढणी वापरात राहते. बहिणीला एकच शंका होती: ओढणीपुरता रंग घातला तर तो 'त्या दिवसाचा' धरला जाईल का? ऑफिसातल्या फोटोत काय दिसणार? मुलगी म्हणाली, मोतिया कुर्त्यावर अडीच मीटरची ओढणी पुढून घेतली की दुसरं काही दिसतच नाही. बहिणीने स्वतः घेऊन आरशात बघितलं आणि मान हलवली. मान हो म्हणून हलली की बघू म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा कौल कुणी मागितला नाही, तरी देते. यादी टाकून द्या असं म्हणणाऱ्यांनी ती आरशासमोर उभी राहिलेली बाई आठवावी. आणि यादीतले सगळे रंग जसेच्या तसे भरणाऱ्यांनी दिवाळीनंतरची अस्तरं आठवावी. लहान दुकानाने यादीचा मान छोट्या कापडावर राखावा आणि मोठं कापड स्वतःच्या पसंतीने घ्यावं. मंगळदासला जाणाऱ्या बायांना एक विनंती आहे: दुकानदार कितीही म्हणो, ताग्याचं टोक धरून रस्त्यावर या आणि उजेडात बघा.

दुसऱ्या दिवशी दोघी हार्बर लाइनने गेल्या. कुर्त्यांसाठी पाच रंग आणले: आमसुली, मोतिया, हळदी, चुड्याचा हिरवा, आणि पनवेलच्या आयांसाठी एक गर्द निळा, जो बुधवारीही चालून जाईल. हिरव्याच्या छटेत बहीण जिंकली, पिवळ्याच्या छटेत मुलगी. ओढण्या सात वारांच्या सात घेतल्या. उरलेल्या दोन दिवसांच्या ओढण्या यादी छापून आल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, यावर दोघींचं एकमत आहे.